भुरीचं पिल्लू आणि जोमाचं शेत

पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एस.टी.त शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हटलं, "पुढं." असं उत्तर दिलं की माणूस खिडकीकडे तोंड करून बसतो, हा माझा अनुभव आहे. प्रवासात आपलं गाव, आपलं काम आणि पिशवीत काय आहे, या गोष्टी कुणाला सांगू नयेत. माझी बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी आधी चपलांकडे बघता आणि मग देवाला हात जोडता. खरं आहे ते. पण आजवर माझी एकही चप्पल देवळातून गेलेली नाही, हेही तिनं ध्यानात घ्यावं.

तुम्हाला मात्र सांगायला हरकत नाही. मी कुत्र्याचं पिल्लू आणायला निघालो होतो. आमचं थोडं रान सासवडजवळ आहे. चार अंजिराची झाडं आणि बायकोनं पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या शेळ्या. त्या वर्षी लांडगा सोकावला होता. भर दुपारी बांधावरून यायचा आणि करडू उचलून न्यायचा. शेवटी बायकोनं निकाल दिला, "राखणीला नीट कुत्रं आणा, नाहीतर उरलेल्या शेळ्या मीच बाजारात नेऊन सोडते. त्यांचं ओरडणं मला ऐकवत नाही." ती असं बोलली की तसंच करते.

कुत्रं आमच्याकडे नव्हतं असं नाही. पुण्याच्या एका हौशी गृहस्थाकडून मी एक अल्सेशियन आणला होता. त्याच्या बापजाद्यांची नावं छापलेला कागदही मिळाला होता. माझ्या पणजोबांचं नाव मला धड ठाऊक नाही, पण त्या कुत्र्याच्या पणजोबांचं होतं. कान उभे, पाठ उतरती, चाल राजासारखी. लांडगा आला त्या दिवशी हा राजा खाटेखाली गेला आणि मी बाजरीची भाकरी दाखवेपर्यंत बाहेर आला नाही. तेव्हापासून कागदावर छापलेल्या कुळावर माझा विश्वास उरला नाही.

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, राखणीला जुन्या वळणाचं धनगरी कुत्रंच हवं. पण ते आता जुनं राहिलंय कुठं? वाटेवरच्या गावकुत्र्यांत मिसळून त्याचं पाणी झालंय. फक्त म्हाकू धनगराच्या वाड्यावर (धनगरांच्या फिरत्या तळाला वाडा म्हणतात) अजून अस्सल वाण आहे, असं जो तो सांगत होता. मात्र म्हाकू दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बोरघाट उतरतो आणि पावसाच्या तोंडावर वर येतो. तोवर शेळ्या थांबल्या असत्या, लांडगा थांबला नसता.

"सध्या कुठं असतो तो?" मी गावात विचारलं होतं.

"नवी मुंबईत."

यावर कुणाचा विश्वास बसेल? ऐंशीनंतरची ती वर्षं. नवी मुंबई म्हटलं की आम्हाला वर्तमानपत्रातले नकाशे आठवत. त्यात मेंढरं कुठं बसणार?

पनवेल मागे टाकून गाडी कळंबोलीच्या फाट्याला थांबली तेव्हा भर दुपार होती. उतरलो तर समोर लोखंडच लोखंड. सळयांच्या थप्प्या, पत्र्यांच्या गुंडाळ्या, रांगेनं उभे ट्रक आणि धूळ. टपरीवर चहा मागितला. चहावाल्यानं कपाबरोबर न मागितलेला पाव पुढं केला. मी तो तसाच परत सरकवला.

"खावो ना काका, फुकट हाय. कालचा उरला," तो म्हणाला.

फुकट म्हटल्यावर तर मी त्याला बोटही लावलं नाही. धनगरांची चौकशी केली तेव्हा बाकावर बसलेला एक ट्रकवाला हसला. "वो कुत्तेवाले? कामोठे की तरफ खेतोंमें है. पर चाचा, संभलके. उनका कुत्ता आदमी को देखता नहीं, सीधा आता है."

मी निघालो. वाटेत गमतीचा देखावा होता. भाताच्या कापलेल्या शेतांतून डांबरी रस्ता गेलेला, त्याच्या कडेला विजेचे खांब उभे, आणि खांबांवर दिवेच नाहीत. इमारतीही नाहीत. पलीकडे मिठागरं, त्यामागे खाडी. जणू लग्नाचा मांडव घातला आणि वऱ्हाड यायचं राहून गेलं. जवळची वाट म्हणून मी बांधावरून उतरलो, तर पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात गेला आणि देवळांतून सुखरूप वाचलेली चप्पल खाडीच्या मुलखात अडकली. ती उपसून काढण्यात माझा बराच वेळ गेला.

मी चिखलात वाकलेलो असतानाच मागून आवाज आला, "काय मोजताव तिथं?"

एक काळासावळा, उंच, साठीकडे झुकलेला माणूस हातात काठी घेऊन उभा होता. हा जोमा. शेत त्याचं होतं, निदान तो तसं म्हणत होता.

"मोजत नाही, चप्पल काढतोय."

"मोजनीवाले पन असंच बोलतान. पिशवीत काय हाय?"

मला विचारलेला हा प्रश्न मला अजिबात आवडला नाही. पण काठी त्याच्या हातात होती. मी पिशवी उघडून दाखवली. पंचा, तांब्या, दशम्या. त्यात मोजणीची साखळी नाही, नकाशा नाही, हे त्यानं हात घालून पाहिलं, आणि मगच त्याचा सूर जरा उतरला. नव्या शहरासाठी त्या भागातल्या जमिनी सरकारनं घेतल्या होत्या. जोमाचंही शेत कागदावर गेलेलं होतं. आता फक्त मोजणी करून खुंट्या ठोकायच्या राहिल्या होत्या. त्यामुळे पायात चप्पल आणि खांद्याला पिशवी असलेला प्रत्येक अनोळखी माणूस त्याला मोजणीवाला वाटत होता.

मी कुत्र्याच्या पिल्लासाठी आलोय म्हटल्यावर तो एकदम थबकला. "पिल्लू? कंचा? भुरीचा? तो एकच उरलाय." आणि तो माझ्या पुढं चालू लागला. मला तेव्हाच वाटलं, या माणसाच्या मनात काहीतरी आहे.

म्हाकूचा वाडा जोमाच्याच शेतात उतरला होता. आमच्या देशावर आणि कोकणातही ही जुनी पद्धत. भात निघालं की शेतकरी धनगराला बोलावतो, मेंढरं रात्रभर शेतात बसवतो (त्यांच्या लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं) आणि बदल्यात धनगराला भात देतो. इथपर्यंत ठीक. पण जी जमीन सरकारनं घेतली, जिच्यात पुढं भाताचं रोप लागणार नाही, तिला खत कशाला? मी मनात शक्यता मांडून पाहिल्या. शेत कसतोय असं दाखवून मोबदला वाढवून घ्यायचा असेल. किंवा ताबा सोडायचा नसेल. माणूस सरळ दिसत नव्हता.

कुत्री मात्र मला दिसली नाही. ती मला दिसण्याआधी तिनंच मला गाठलं. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. मेंढरांच्या कडेला पडलेला एक राखी ढिगारा उठला आणि माझ्यासमोर उभा राहिला. ही भुरी. अल्सेशियनपेक्षा बुटकी, पण मान जाड आणि मानेवर दाट केसांची झूल. कान अर्धे पडलेले, शेपटी वर वळलेली, डोळे घारे. मागच्या पायांना जास्तीचं नख. गळ्यात खिळे लावलेला लोखंडी पट्टा, म्हणजे लांडग्यानं गळा धरला तर त्याचंच तोंड फाटावं. आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. माझ्या हातांकडे पाहत होती. मी आयुष्यभर माणसांच्या तोंडाकडे पाहत आलो, हे मला तिथं पहिल्यांदा चूक वाटलं.

"हात सोडून हुबं ऱ्हावा, पावनं. हलू नगा," चुलीपाशी बसलेली बाई म्हणाली. ही म्हाकूची बायको हौसाबाई. भुरीनं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि परत आपल्या जागी जाऊन पडली. नजर मात्र हातांवरच.

मी येण्याचं कारण सांगितलं. म्हाकू तमाखू मळत ऐकत होता. जास्त बोलणारा माणूस नव्हता, पण कुत्र्यांचा विषय निघाला आणि तो खुलला. मी त्याला विचारलं, हा वाण आला कुठून? कारण याबाबत मी बरंच ऐकलं होतं. आमचे एक गुरुजी म्हणत, ही कुत्री फौजांच्या मागून उत्तरेतून आली. पुण्याचे ते हौशी गृहस्थ म्हणत, घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर समुद्रावरून आली. प्रत्येकाला खात्री होती आणि एकाकडेही पुरावा नव्हता.

म्हाकू म्हणाला, "मेंढरं वारुळातनं निघाली, ठावं हाय का? देवानं वारूळ फोडलं आन् मेंढरं भाईर यायला लागली. तवा कुत्रं वारुळाच्या तोंडाशी बसलं हुतं. समदी भाईर येस्तवर उठायचं न्हाई, असं देवानं त्याला सांगितलं. मेंढरं अजून येत्यातच की. म्हून ते अजून बसलंय."

गोष्ट चांगली होती. पण मेंढरांच्या आधी कुत्रं कुठून आलं, हे विचारल्यावर म्हाकूनं तमाखू तोंडात टाकली आणि विषय संपवला.

पिल्लू वाढवायची त्यांची रीत मात्र त्यानं मनापासून सांगितली. डोळे उघडायच्या आत ते कोकरांत टाकतात. मेंढीचं दूध पाजतात. कुणी उचलून घेत नाही, कुरवाळत नाही, पोरांना खेळू देत नाहीत. माणसाची चटक लागली की ते कुत्रं वाया गेलं. मोठं झालं की ते मेंढरं हाकत नाही, वळवत नाही, नुसतं त्यांच्याबरोबर असतं. लांडग्याच्या मागं धावतं, पण ठराविक अंतरावरून परत फिरतं, कारण लांब गेलं तर मागं मेंढरं उघडी पडतात. वाटेत एखादी मेंढी व्याली आणि कळप पुढं गेला, तर ते तिच्यापाशी थांबतं. हे सगळं शिकवावं लागत नाही म्हणे. मी म्हटलं, बघू.

भुरीचं उरलेलं पिल्लू कोकरांत दडून बसलेलं होतं. काळपट, बापासारखं असावं. मी हात पुढं केला तर त्यानं दात दाखवले. मला ते फार आवडलं.

"घ्या, पर एक इचारते," हौसाबाई म्हणाली. "तुमच्याकडं शेळ्या हायत्या, ह्ये खरं कशावरनं? शहरातली लोकं नेत्यात आन् बंगल्याला बांधत्यात."

मी दुखावलो. माझ्यावर संशय? मी शेळ्यांची नावं सांगितली, रंग सांगितले, लांडग्यानं कुठल्या कुठल्या नेल्या तेही सांगितलं. तिनं माझ्या धोतराचा सोगा हातात घेऊन हुंगला. मग नवऱ्याकडे बघून मान हलवली.

"आमी पिल्लू मानसाला देत न्हाई," ती म्हणाली. "जितराबाला देतो. सकाळी मेंढरं उठली की न्या."

हे सगळं होईपर्यंत जोमा तिथंच उभा होता. आता तो पुढं आला. "मना द्या ते. मी कवाचा मांगतोय."

"जोमादादा, तुमच्याकडं मेंढरू न्हाई, शेरडू न्हाई. ते कुनाला राखंल?"

"जमिनीला."

मग म्हाकूनंच मला सांगितलं, की मागच्या आठवड्यात मोजणीवाले साखळी घेऊन आले होते, आणि भुरीनं त्यांना बांधाच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. साखळी टाकून पळाले ते. जोमानं ते पाहिलं होतं. त्या दिवसापासून त्यानं पिल्लाचा ध्यास घेतला होता.

त्या रात्री मी जोमाकडे मुक्कामाला होतो. म्हणजे तोच आग्रहानं घेऊन गेला, आणि मला तो आग्रह खटकला. त्याच्या बायकोनं तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण (निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा, डोळे डोक्यावर) वाढलं. तो मासा ताटातूनही माझ्याकडे बघतोय असं वाटलं. पण चव अशी, की मी पुन्हा मागून घेतलं. पोटभर जेवूनही पिशवी उशाखाली घेऊनच झोपलो.

सकाळी वाड्यावर गेलो तर धांदल होती. जोमाच्या शेतातला मुक्काम संपला होता, कळपासकट सगळे पलीकडच्या शेताच्या बांधापर्यंत गेले होते. वाघर (रात्री मेंढरांभोवती लावायचं जाळं) गुंडाळून घोड्यावर चढवली होती. आणि पिल्लू नव्हतं.

मला जे वाटलं ते मी तिथल्या तिथं बोलून दाखवलं. "म्हाकू, रात्रीतून दुसरं गिऱ्हाईक आलं वाटतं?"

म्हाकूचा चेहरा उतरला. हौसाबाई मात्र भडकली. "गिऱ्हाईक? आवं, आमी काय बाजार मांडलाय? एवढं वाटत असंल तर मोकळं जावा माघारी!"

बायको, शेळ्या, लांडगा, सगळं डोळ्यांपुढं आलं. रिकामी पिशवी घेऊन घरी गेलो तर येत्या बाजारी दावणी मोकळ्या होणार होत्या. एवढ्यात मागून, जोमाच्या शेतातून बारीक केकाटणं ऐकू आलं. आम्ही तिघंही तिकडे धावलो.

मोकळ्या शेताच्या बरोबर मध्ये, लेंड्यांच्या काळ्या थरावर, जोमानं खुंटीला पिल्लू बांधलं होतं आणि शेजारी काठी घेऊन तो स्वतः उभा होता. बांधावरून मोजणीची माणसं येत होती. साखळी होती, लाल झेंडे होते. या वेळी ती हळूहळू येत होती, कुत्रीच्या धास्तीनं.

"छू! छू!" जोमा पिल्लाला म्हणत होता. "बघ, आले!"

पिल्लानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते दोरी ताणून पलीकडच्या शेताकडे, मेंढरांच्या घुंगरांच्या आवाजाकडे ओढत होतं आणि रडत होतं. जोमानं पलीकडे बघून हाक मारली, "भुरी! ए भुरी!" भुरी आली. मला वाटलं, आता होतंय. ती मोजणीवाल्यांच्या अगदी जवळून गेली. ते जागच्या जागी थिजले. तिनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पिल्लाला हुंगलं, जोमाच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि जशी आली तशी कळपाकडे निघून गेली.

मागच्या आठवड्यात हेच शेत, हीच कुत्री, हीच माणसं. पण मेंढरं उठली होती. तिच्या लेखी तिथं राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मोजणीवाल्यांतला एक जण हसला. मग त्यांनी साखळी पसरली आणि पहिली खुंटी ठोकली. जोमा काठी धरून नुसता बघत राहिला. दुसरी खुंटी ठोकल्यावर तो खाली बसला आणि पिल्लाची दोरी सोडू लागला. गाठ घट्ट बसली होती, त्याला सुटेना. मी जवळ बसून गाठ सोडवली.

"मना वाटला, ता जमीन राखंल," तो म्हणाला. "घेऊन जा. तुमच्या शेल्या तरी वाचतील."

पिल्लू चोरलं म्हणून मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मला फार वाईट वाटलं. तरी विचारायचं नव्हतं तेच विचारलं, "जोमादादा, जमीन जाणार हे ठाऊक होतं. मग मेंढरं कशाला बसवलीत?"

तो धोतर झटकत उठला आणि घराकडे गेला. मी मनात म्हटलं, मोबदल्याचंच असणार. नाहीतर सांगायला काय हरकत होती?

हौसाबाईनं पिल्लाच्या अंगाला घोंगडीचा तुकडा घासला, माणसाचा वास जावा म्हणून. टोपलीत लोकर घातली, वर फडकं बांधलं. "लाड करू नगा. तुमच्या घरात घिऊ नगा. शेरडांत टाका आन् इसरून जावा." मघाच्या बोलण्याबद्दल मी काही म्हणणार, तोच ती वळून चालू लागली.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "टोपलीत काय?" मी म्हटलं, "अंजिरं." अंजिरं खोपोलीपासून घाटमाथ्यापर्यंत विव्हळत होती. कंडक्टरनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्वतः जगाकडे कसा पाहत असेन याची मला कल्पना आली.

पिल्लू शेळ्यांत टाकलं. पहिले काही दिवस शेळ्यांनी त्याला शिंगांनी उडवलं, मग एका म्हाताऱ्या शेळीनं त्याला पोटाशी झोपू दिलं. उन्हाळा सरेपर्यंत ते दांडगं झालं. लांडगा आला, पण बांधावर उभा राहून परत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. बायकोनं बाजाराचा विषय काढणं सोडलं. मी गोठ्यात शिरलो की ते उठतं, माझ्या हातांकडे पाहतं आणि मी बाहेर पडेपर्यंत बसत नाही. पोसतो मी, आणि संशयही माझाच घेतं. मला त्याचं कौतुक वाटतं.

त्याच्या पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर म्हाकूचा वाडा घाट चढून आमच्या शिवारावरून गेला. हौसाबाईनं आधी शेळ्यांत जाऊन कुत्रं पाहिलं, मग माझ्या ओसरीवर चहा घेतला. मी कामोठ्याची चौकशी केली.

"जोमादादाचं शेत बुजवलं," म्हाकू म्हणाला. "मुरूम टाकलाय, पुरुसभर. वरनं रूळ फिरवला. मोबदलाबी कवाच मिळाला त्यास्नी."

"मग यंदा तुम्ही कुठं बसलात?"

"तिथंच. बोलावणं आलं हुतं की त्यांचं. म्हनलं, दादा, मुरमावर मेंढरं बशिवून काय व्हनार? तर म्हनले, दर वर्साचं हाय, तुमी बशिवा. एक रात बसलो. सकाळी आमाला भात दिला त्यांनी. दुकानातनं आनलेला."

मी बराच वेळ विचार केला, यात त्या माणसाचा काय फायदा असेल. खूप शोधलं. काही सापडलं नाही.